दोन दिवसांचा डाग

यासेरनं एका माणसावर बावीस वर्षं डूख धरला होता, आणि त्या माणसाला त्याची गंधवार्ताही नव्हती. नाग निदान फणा तरी काढतो. यासेर दर जूनला त्या माणसाच्या क्लासमधल्या टॉपर पोरांचे फोटो काढायचा, त्यांचे हातभर रुंद हसरे चेहरे फ्लेक्सवर छापून द्यायचा, 'काय सर, बरंय ना' म्हणायचा आणि घरी येऊन गपचूप जेवायचा. असला राग माणसाला आतून किती पोखरतो, हे त्याच्या आईला, हुसेनबीला, पक्कं ठाऊक होतं. पण तिनं कधी त्याला 'सोडून दे' म्हटलं नाही. तिचाही राग होताच की.

माणूस म्हणजे मन्मथ सर. लातुरात बसस्टँडवर उतरलं की पहिला चेहरा दिसतो तो त्यांचाच. कपाळावर भस्माची तीन बोटं, मिशी काळीकुट्ट, आणि खाली 'मन्मथ सरांचे फिजिक्स'. नांदेडपासून उदगीरपर्यंतची पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन त्यांच्याकडं येतात. सर शिकवतात उत्तम, हे त्यांच्या वैऱ्यालाही कबूल करावं लागतं. यासेरही करायचा, म्हणून तर त्याला जास्तच झोंबायचं.

गोष्ट अशी होती. यासेरचे वडील खाजामियाँ फोटोग्राफर. गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत 'खाजा फोटो स्टुडिओ'. त्र्याण्णव साली अनंत चतुर्दशीला औसा तालुक्यातल्या एका गावानं त्यांना विसर्जनाचे फोटो काढायला बोलावलं. मिरवणूक लांबली, शेवटची एस्टी गेली, पाटलांनी आग्रह करून आपल्याच माळवदाच्या घरात झोपायला जागा दिली. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. दगडमातीचं घर जसं बसायचं तसं बसलं. चौथ्या दिवशी मिलिटरीच्या जवानांनी ढिगारा उपसला, तेव्हा कॅमेऱ्याचा नुसता चेपलेला पत्रा निघाला. पण कातडी डबीतली लांब लेन्स मात्र साबूत होती. तिच्या कडेवर खाजामियाँनी खिळ्यानं उर्दूतलं 'खे' अक्षर कोरलेलं होतं, तसं ते आपल्या प्रत्येक चीजवस्तूवर कोरायचे. तेवढ्यावरून ती लेन्स घरी आली. यासेर तेव्हा दहा वर्षांचा होता. मय्यतीला बापाचा चेहरा त्याला दाखवला नाही. पण लेन्स हातात दिली.

दोन हजार साली पोरगा अकरावीला मन्मथ सरांच्या क्लासमध्ये गेला. तेव्हा क्लास नवा होता, पत्र्याच्या शेडमध्ये दोनशे पोरं दाटीवाटीनं बसायची. यासेरनं त्या लेन्सला नळी आणि भिंग जोडून एक छोटी दुर्बीण केली होती. ती सरांना दाखवावी, शाबासकी मिळावी, एवढाच त्याचा भाबडा हेतू. शिकवणी चालू असतानाच त्यानं ती दप्तरातून काढली, आणि सरांनी पाहिली.

"काय रे, तमाशाचा खेळ हाय का हा?" सर म्हणाले. "नाव काय तुझं? फोटोवाल्याचा पोरगा ना तू? मग लग्नाचे फोटो काढ की, इथं कशाला बाक झिजवतोस?"

पोरं खो खो हसली. सरांनी लेन्स काढून टेबलाच्या खणात टाकली. क्लासचा नियम ठरलेला होता: जप्त केलेली वस्तू फक्त बापाच्या हातात परत.

"बापाला घेऊन ये, मग देतो."

"सर, अब्बा न्हाईत. भूकंपात गेले."

सरांनी खडू उचलला आणि फळ्याकडं वळता वळता म्हणाले, "भूकंपात लई जणांचे गेले. त्यानं फिजिक्स बदलत न्हाई. बस खाली."

दुसऱ्या दिवशी हुसेनबी स्वतः गेली. बुरख्यात, उन्हात, दीड तास शेडच्या दाराशी उभी राहिली. आतून निरोप आला, नियम म्हणजे नियम. तिसऱ्यांदा गेली तेव्हा सांगितलं गेलं की तसली वस्तू आता सापडत नाही. पोरानं क्लास सोडला आणि बापाच्या स्टुडिओत बसला. त्या दिवसापासून यासेरला एकच गोष्ट हवी होती. भरल्या सभेत त्या माणसाची मान अशी खाली जावी, की पुन्हा वर करताना त्याला चारदा विचार करावा लागावा. लेन्सची आशा त्यानं सोडली होती.

आकाशाचा नाद मात्र सुटला नाही. उलट वाढला. पुढं धंदा चालला तशी त्यानं दहा इंची आरशाची दुर्बीण केली, ताऱ्यांबरोबर हळूहळू फिरणारा स्टँड जमवला, आणि पावसाळा संपला की काळोख शोधत हिंडायचा. लातूरच्या चहूबाजूंना काळोख तो कुठला! क्लास, होस्टेल, मेस, सगळीकडं दिव्यांचा लखलखाट. सगळ्यांत गडद अंधार सापडला तो औशाकडच्या त्या गावाच्या जुन्या गावठाणात. भूकंपानंतर गाव दोन कोस पलीकडं नव्या घरांत गेलं. जुन्या जागेवर जोत्याचे दगड, बाभळी आणि घोरपडी एवढंच उरलं. दिवा लावायला तिथं कुणी नव्हतं. ज्या जागी बाप गाडला गेला होता, तिथंच यासेर दुर्बीण उभी करायचा. आधी अंगावर काटा यायचा. पुढं सवय झाली.

तिथून त्यानं आदल्या वर्षी एक फोटो काढला होता. आभाळात भाद्रपदा नक्षत्राच्या चौकोनाच्या वर, तीस कोटी प्रकाशवर्षं लांब, पाच दीर्घिकांचा घोळका. एकेक दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा पसारा. त्या एकमेकींना अशा ओढतात, की त्यांचे तारे शेपटासारखे लांब ताणले जातात. पाचातल्या चारच एका घरच्या. पाचवी आपल्या पुष्कळ जवळ आहे, नुसती मध्ये येऊन उभी राहिली आहे, लग्नाच्या ग्रुप फोटोत घुसलेल्या शेजाऱ्यासारखी. फोटो त्यानं स्टुडिओत दर्शनी भिंतीला लावला होता. गिऱ्हाइकं विचारायची, "हे काय, ढग हायत का?"

दोन हजार बावीसच्या श्रावणात मन्मथ सर स्वतः स्टुडिओत आले. क्लासला पंचवीस वर्षं झाली होती, त्याच्या फ्लेक्ससाठी फोटो काढायचा होता. स्टुलावर बसून मान तिरकी करता करता त्यांची नजर भिंतीवर गेली.

"हे तुम्ही काढलंय?"

"हाव सर. शौक हाय."

"झकास. असलाच एक मला पाहिजे. आम्ही आठवीपासूनच्या पोरांसाठी खगोल फाउंडेशनचा नवा क्लास काढायलोत. उद्घाटनाला पुण्याहून डॉक्टर सिंधु हंचनाळे येणारेत. मोठ्या शास्त्रज्ञ, आपल्या उदगीरच्याच. त्यांच्यासमोर पडद्यावर मी काढलेला फोटो दाखवायचाय."

"तुम्ही काढलेला?"

"काढाल तुम्ही. नाव माझं राहील. आमच्या फ्लेक्सवर तुमचं नाव असतं का कधी?" सर मनमोकळं हसले. त्यांना यात काही गैर वाटत नव्हतं. दुसऱ्या क्लासमध्ये शिकलेल्या पोराचा फोटो आपल्या फ्लेक्सवर टाकायचा, ही तर त्या बाजाराची रीतच होती. एकेका टॉपरला चार चार क्लास 'आमचाच' म्हणायचे.

यासेर कॅमेऱ्यामागून त्यांच्याकडं पाहत राहिला. ओळखीची एक रेघसुद्धा त्या चेहऱ्यावर नव्हती. ज्यानं आपला बाप दुसऱ्यांदा मारला, त्याला आपण आठवतसुद्धा नाही! त्याची कानशिलं तापली, पण तोंडानं म्हणाला, "देतो सर. असा देतो की सगळं लातूर नाव काढंल."

त्याच रात्री त्याचा बेत ठरला. बेत साधा होता. एखादा तारा फुटला की दूरच्या दीर्घिकेत नवा ठिपका दिसतो, काही आठवडे राहतो आणि विझतो. असला ठिपका पहिल्यांदा पाहणाऱ्याचं नाव जगभर नोंदवलं जातं. यासेर फोटोत एक खोटा ठिपका चिकटवणार होता आणि सरांच्या कानात 'नवा तारा' एवढंच सांगणार होता. सर उतावळे. खात्री करण्याच्या भानगडीत न पडता ते स्टेजवर जाहीर करणार. आणि डॉक्टर हंचनाळे मूळ फोटो पाहिल्याशिवाय पुढं बोलत नाहीत, हे त्यानं त्यांच्या भाषणांतून ऐकलं होतं. म्हणून मूळ फोटोही तो सोबतच देणार होता, खोट्याचा हात न लागलेले. बाई ते उघडतील आणि भर सभेत सरांचं पितळ उघडं पडेल. बापाचं नाव निघेल तेव्हा निघेल, आधी ह्याचं बुडू दे.

सप्टेंबरात सर्वपित्रीच्या अवसेला आभाळ धुतल्यासारखं निघालं. लागोपाठ दोन रात्री तो गावठाणात गेला. नव्या गावातले काही म्हातारे दुपारी तिथं येऊन आपापल्या जोत्यावर पितरांसाठी पानं ठेवून गेले होते, कावळ्यांनी विस्कटलेला भात अजून दगडांवर होता. यासेरनं पाटलांच्या जोत्यापाशी स्टँड रोवला. तीन तीन मिनिटांचे नव्वद फोटो घेतले. हात सराईतपणे काम करत होते, पण डोकं त्या सभेत होतं. सरांचा चेहरा कसा पडेल, मिशी कशी थरथरेल, मागच्या रांगेतली पोरं कशी हसतील. एरवी तो एक फोटो आला की लगेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर डोळ्यांना ताण देऊन बघायचा. त्या दोन रात्री त्यानं एकदाही बघितलं नाही.

नव्वद फोटो एकावर एक रचून एक करायचा आणि मग तो साफ करायचा. साफ करण्याचं काम हुसेनबीचं. पूर्वी ती निगेटिव्हवर पेन्सिलनं आणि बारीक ब्रशनं करायची, आता पासष्टीत चष्मा लावून कॉम्प्युटरवर करते. लातूरच्या निम्म्या टॉपरांच्या मुरमांवर तिचा हात फिरलेला आहे. तिला हे काम खाजामियाँनी शिकवलं होतं, आणि सोबत एक नियम दिला होता: दोन दिवसांत जाणारा डाग काढायचा, जन्माचा डाग ठेवायचा. फोड काढायचा, तीळ ठेवायचा. तीळ काढला तर आई आपलं लेकरू ओळखत नाही, असं ते म्हणायचे. एखादं गिऱ्हाईक नवं असलं आणि शंका आली, तर हुसेनबी त्याचा जुना फोटो मागायची. जुन्यात डाग असला तर जन्माचा. नसला तर गेला.

त्या दिवशी तिनं तसंच केलं. एका बाजूला आदल्या वर्षीचा फोटो, दुसऱ्या बाजूला नवा. बराच वेळ माऊस सरकवत बसली. मग हाक मारली.

"यासेर, इकडं बघ जरा बेटा. ही शेपटीवाली हाय ना, दुसरी, हिच्याजवळ एक ठिपका हाय. मागच्या सालच्या फोटोत न्हवता."

यासेर दाराशी फोनवर होता. सरांचा मॅनेजर विचारत होता, फोटो कधी मिळंल, पडदा किती फुटी लागंल. त्यानं हातानंच खूण केली.

"काढून टाक अम्मी. कचरा असंल."

"कचऱ्यावानी दिसत न्हाई. चांगला गोल हाय."

"अम्मी, जुन्यात न्हाई ना? मग काढ की. तुझा नियम तूच इसरली का?"

नियम हुसेनबीच्या नवऱ्याचा होता. तिनं चष्मा पुसला, बाजूच्या काळोखाचा एक तुकडा उचलला आणि ठिपक्यावर ठेवला. तिचा हातच असा की कुठं शिवण दिसायची नाही.

रात्री यासेरनं खोटा ठिपका लावला. फोटोच्या वरच्या कोपऱ्यातला एक तारा उचलला आणि तिसऱ्या दीर्घिकेच्या काठाशी ठेवला. कोपऱ्यातला तो तारा जसाच्या तसा ठेवला, म्हणजे बाईंना दोन्ही जुळवून बघता यावेत. चोरानं मुद्दाम पाऊल उमटवावं तसं. मग एका पेनड्राइव्हवर तयार फोटो आणि नव्वद मूळ फोटो भरून सरांच्या हाती दिले.

"सर, एक बातमी हाय," तो आवाज खाली आणून म्हणाला. "ह्यात एक ठिपका नवा हाय. तारा फुटलाय. मूळ फोटो बाईंकडं आधीच पाठवा, म्हणजे त्या शिक्का मारतील."

सरांचे डोळे लकाकले. "कुणाला बोललात?"

"कुणाला न्हाई. तुमच्या नावाचा हाय ना फोटो."

नऊ ऑक्टोबरला सभागृह खचाखच भरलं. हजारभर पोरं, त्यांचे आईबाप, पुढच्या रांगेत डाळमिलवाले आणि पुढारी, कडेला पत्रकार. आधी टॉपरांचे सत्कार झाले. शाली, श्रीफळं, फोटोसाठी थांबणं, सगळं यथासांग. यासेर फोटो काढायलाच आला होता, पण त्यानं तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बैठक मारली. डॉक्टर हंचनाळे व्यासपीठावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. साठीच्या, सुती साडीतल्या, गंभीर चेहऱ्याच्या. त्या दोन-तीनदा सरांकडं झुकून काही सांगू पाहत होत्या. सर हात हलवून 'नंतर, नंतर' म्हणत होते.

मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर पाच दीर्घिका उमटल्या. हजार पोरांनी एकदम श्वास घेतला. तेवढ्या क्षणापुरता यासेर सूड विसरला. फोटो खरंच देखणा आला होता.

"पोरांनो," सर माईकवर म्हणाले, "मागचे दोन महिने तुमचा हा म्हातारा सर रात्रीचा झोपलेला न्हाई. जंगलात, साप-विंचवांत बसून हा फोटो काढलाय. आणि हा ठिपका बघा! मागच्या वर्षी इथं काही नव्हतं. तारा फुटलाय, आणि तो जगात पहिल्यांदा कुणी पाह्यला? आपल्या लातूरनं!"

टाळ्या, शिट्ट्या, बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळसुद्धा लावली. यासेरनं हाताची घडी घातली. ये, बाबा, ये, तो मनात म्हणाला, अजून एक पायरी वर चढ.

डॉक्टर हंचनाळे उठल्या. "सर, मी सकाळपासून तुम्हाला चार फोन केले."

"मॅडम, कार्यक्रमाची गडबड..."

"म्हणून मला आता हे इथंच बोलावं लागतंय. मला वाईट वाटतं. पण हा ठिपका खोटा आहे." त्यांनी लॅपटॉप जोडला. पडद्यावर कोपऱ्यातला तारा आणि तो ठिपका शेजारी शेजारी मोठे झाले. कण न् कण सारखे. "इथला उचलून तिथं चिकटवलाय. मूळ नव्वद फोटोंत तो एकातही नाही."

सरांच्या कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं. मिशी थरथरली, अगदी यासेरनं रंगवली होती तशीच. यासेरच्या छातीत बावीस वर्षांची गाठ सैल झाली. अब्बा, बघा, तो मनातच म्हणाला. अम्मी दीड तास उन्हात उभी होती, हा आता उजेडात उभा आहे.

"हे त्या फोटोवाल्याचं काम हाय!" सर ओरडले. "फोटो मी काढलेलाच न्हाई, त्यानं काढलाय! माझा ह्याच्याशी काही संबंध न्हाई!"

"मग जंगलात कोण जागलं सर, भूत?" मागून एक पोरगं ओरडलं, आणि सगळं सभागृह हसलं. पत्र्याच्या शेडमध्ये हसलं होतं तसंच. उलट पाचपट मोठ्यानं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "माझं बोलणं संपलेलं नाही. खोटा ठिपका शोधताना मी रात्री ते नव्वद फोटो पुन्हा एकावर एक रचले. आणि इथं बघा." पडद्यावर दुसरी दीर्घिका आली, लांब शेपटीची. शेपटीच्या टोकाशी एक ठिपका. चांगला गोल. "हा खरा आहे. नव्वदच्या नव्वद फोटोंत आहे. जुन्या कुठल्याही चित्रात नाही. हा तारा खरोखर फुटलाय, आणि आज सकाळपर्यंत जगात कुणीही तो कळवलेला नाही. नवल असं, की तयार फोटोतून मात्र तो पुसून टाकलाय. इतक्या सफाईनं, की पुसणारा हात मोठा कसबी असला पाहिजे."

यासेरला आपलेच शब्द ऐकू आले. *काढून टाक अम्मी. कचरा असंल.*

"हे फोटो ज्यानं काढले तो इथं आहे का?"

"मॅडम, म्हणजे फोटो तसा आमच्या क्लासचाच," सर घाईनं म्हणाले, पण पोरांनी त्यांना बोलूच दिलं नाही. हुर्यो उठली.

यासेर उभा राहिला. आपण उभे राहिलो हे त्यालाच उशिरा कळलं. "मी काढलेत. खाजा फोटो स्टुडिओ."

बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद उमटला, मग त्या सावध झाल्या. "आणि खोटा ठिपका कुणी लावला?"

आता बघा, नशीब कधीकधी ताट वाढून समोर ठेवतं. यासेरनं नुसतं 'सरांनी लावायला सांगितलं' म्हटलं असतं, तर हजार माणसांनी माना डोलावल्या असत्या. सर जन्माचे बुडाले असते आणि खरा तारा यासेरच्या नावावर, खाजा स्टुडिओच्या नावावर, लागला असता. शब्द त्याच्या जिभेवर आलेही होते. पण सूड घेणाऱ्याला नुसता सूड पुरत नाही. तो आपण घेतला, हे समोरच्याला कळावं लागतं. सरांची नजर अजूनही त्याच्यावरून घसरून जात होती, जशी दुकानातल्या नोकरावरून घसरते. ते त्याला सहन झालं नाही.

"मी लावला," यासेर म्हणाला. "सर, तुमच्यासाठी लावला. ओळखलं का? दोन हजार साल. पत्र्याचं शेड. माझ्या अब्बाची लेन्स तुम्ही खणात टाकली होती. बापाला घेऊन ये म्हणला होता. मी म्हणलं, भूकंपात गेले. आठवतंय?"

सर टक लावून त्याच्याकडं पाहत राहिले. त्या नजरेत राग होता, भीती होती, गोंधळ होता. यासेर त्यात जे शोधत होता तेवढंच नव्हतं.

"कसली लेन्स?" सर म्हणाले. "पोरांच्या वस्तू मी रोजच घ्यायचो. हजार पोरांना म्हणलो असंल, बापाला आण म्हणून." ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

डॉक्टर हंचनाळेंनी लॅपटॉप मिटला. यासेर व्यासपीठापाशी गेला तेव्हा त्या हळू आवाजात बोलल्या, "तुम्ही काय भोगलंत ते मला कळलं. मीही इकडचीच आहे. पण आपण ठिपका चिकटवतो असं तुम्ही हजार माणसांसमोर कबूल केलंत. आता तुमच्या फोटोवर कुणी विश्वास ठेवायचा? आज रात्री मी परदेशातल्या एका दुर्बिणीवरच्या लोकांकडून खात्री करून घेते. नोंद त्यांच्या नावानं होईल."

"पहिल्यांदा मी पाह्यला मॅडम."

"तुम्ही पाहिला असतात," बाई म्हणाल्या, "तर पुसला नसतात."

घरी हुसेनबी जेवायची थांबली होती. यासेरनं सगळं सांगितलं. सरांची मान खाली गेली तिथपर्यंत आल्यावर तिनं डोळे मिटून 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटलं. पुढचं ऐकताना मात्र तिचा घास हातातच राहिला. जेवण अर्धं टाकून ती कॉम्प्युटरपाशी गेली, फोटो उघडला आणि काळ्या काळोखावर एका जागी बोट ठेवलं. तिथं दिसायला काहीच नव्हतं. पण तिचं बोट केसभरही चुकलं नव्हतं.

"हितं होता," ती म्हणाली. "मी इचारलं होतं तुला."

सरांचा 'खगोल फाउंडेशन'चा फ्लेक्स उतरला. दिवाळीपर्यंत लोक त्यांना आडून हसले. जूनमध्ये निकाल लागले, टॉपर निघाले, आणि फिजिक्सच्या बॅचा पहिल्यासारख्या तुडुंब भरल्या. पोटापुढं कुणाला कुणाची फजिती किती दिवस आठवणार? स्टुडिओकडं मात्र क्लासवाल्यांनी पाठ फिरवली, आणि गल्लीतली पोरं यासेरला 'ठिपकेवाला' म्हणू लागली.

तो तारा नोंदला गेला, परक्या मुलखातल्या कुणाच्या तरी नावानं. यासेर थंडीभर दर अवसेला गावठाणात जायचा आणि पाटलांच्या जोत्यावर बसून त्याचे फोटो काढायचा. ठिपका दर खेपेला फिका होत गेला. मग भाद्रपदेचा चौकोन मावळतीला गेला आणि उन्हाळा आला.

दुसऱ्या वर्षी पाऊस सरल्यावर त्यानं त्या पाच दीर्घिकांचा पुन्हा फोटो काढला. पुन्हा नव्वद. घरी येऊन तो रचला आणि आईसमोर ठेवला. हुसेनबीनं चष्मा लावला, तीन सालचे तीन फोटो शेजारी शेजारी मांडले आणि शेपटीच्या टोकाशी बराच वेळ बघत राहिली.

"साफ हाय बेटा," ती म्हणाली. "ह्यात काढायचं काही न्हाई."